कावसजीचं नाक आणि कपाळावरची खूण

गेल्या रविवारी खडकवासल्याला कणसं खात बसलो होतो. सोबतच्या मित्राच्या हनुवटीवर जुन्या बाईक अपघाताचा व्रण आहे आणि लग्न तीन महिन्यांवर आलंय. म्हणाला, "ऑपरेशन करून कायमचा डिलीट करून टाकतो." मला एकदम कावसजी आठवला.

हा कावसजी १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला. वर्षभर बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं!

पद्धत अशी: मेणाचा नाकाच्या आकाराचा पातळ तुकडा कपाळावर सपाट पसरायचा, त्याच्या कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन डोळ्यांच्या मध्ये मात्र एक पट्टी जोडलेलीच ठेवायची. त्यातून रक्त मिळत राहतं, म्हणून कातडी जगते. चिकटवायला चक्क काथ! साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची. ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिकडे हेच ऑपरेशन करून दाखवलं.

मला महत्त्वाची वाटते ती त्या हकिकतीतली एक साधी नोंद. कपाळावरचा व्रण कालांतराने फारसा दिसत नाही, असं त्यात म्हटलंय. नाहीसा होतो, असं नाही.

आजही सौदा तोच आहे. सर्जन जुना व्रण कापून काढतो आणि जागा नीट शिवतो. कधी नागमोडी छेद घेऊन व्रणाची दिशा चेहऱ्याच्या नैसर्गिक रेषांकडे वळवतो. म्हणजे जाड रेघ देऊन बारीक रेघ घ्यायची. ही नवी रेघ आधी काही महिने लालसर दिसते, फिकी पडायला वर्षही लागतं. छाती, खांदा, कानाची पाळी इथला वाढणारा व्रण, म्हणजे केलॉइड, नुसता कापला तर पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येऊ शकतो.

तेव्हा तीन महिन्यांत लग्न असेल तर फोटोत लाल रेघच येणार. डॉक्टरांना "जाईल का?" असं विचारू नका. नवी रेघ कुठे येईल, किती लांब असेल आणि वर्षाने कशी दिसेल, ते विचारा. ते उत्तर पटलं, तरच तारीख घ्या.