कोमात्सु साक्यो

कोमात्सु साक्यो : (२८ जानेवारी १९३१ – २६ जुलै २०११). जपानी विज्ञान कादंबरीकार. मूळ नाव कोमात्सु मिनोरु. जन्म ओसाका येथे. होशी शिनइची आणि त्सुत्सुइ यासुताका यांच्यासह जपानी विज्ञानकथेच्या पहिल्या पिढीतील तीन प्रमुख लेखकांत त्यांची गणना होते.

१९४५ मध्ये जपान शरण गेला तेव्हा कोमात्सु १४ वर्षांचे होते. आपल्याहून थोड्या मोठ्या मुलांना रणांगणावर जावे लागले आणि आपण वाचलो, ही जाणीव त्यांच्या लेखनाच्या मुळाशी आहे. क्योतो विद्यापीठात त्यांनी इटालियन साहित्याचा अभ्यास केला आणि नाटककार पिरांदेल्लोवर प्रबंधिका लिहिली. याच काळात ते डाव्या विद्यार्थी चळवळीत होते. शिवाय मोरी मिनोरु या नावाने चित्रकथाही काढत. पुढे अर्थविषयक मासिकाचे वार्ताहर, वडिलांच्या कारखान्यातील व्यवस्थापक, आकाशवाणीसाठी विनोदी संवाद लिहिणारे लेखक अशी अनेक कामे त्यांनी केली. या भटकंतीतून आलेली कारखाने, सरकारी कचेऱ्या आणि पैशाचे व्यवहार यांची माहिती त्यांच्या कादंबऱ्यांत पदोपदी दिसते.

हायाकावा प्रकाशनाच्या ‘एसएफ मॅगझिन’च्या पहिल्या कथास्पर्धेत (१९६१) त्यांच्या ‘ची नि वा हेइवा ओ’ या कथेला उत्तेजनपर पारितोषिक मिळाले. १५ ऑगस्ट १९४५ नंतरही युद्ध चालूच राहिले असते तर काय, ही तिची कल्पना. नायक एक कोवळा बालसैनिक आहे. मानाच्या नाओकी पारितोषिकासाठीही ही कथा विचारात घेतली गेली. १९६४ मध्ये दोन कादंबऱ्या आल्या. ‘निप्पॉन आपाच्ची-झोकु’मध्ये ओसाकातील शस्त्रागाराच्या भग्नावशेषांत लोखंड खाऊन जगणारी नवी माणसे आहेत. ‘फुक्कात्सु नो हि’मध्ये लष्करी प्रयोगशाळेत तयार झालेला विषाणू जगभर पसरतो आणि अंटार्क्टिकावरील संशोधन तळांतली माणसे तेवढी उरतात. फुकासाकु किंजी यांनी १९८० मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. कालप्रवासाचा विषय घेऊन लिहिलेली ‘हातेशिनाकी नागारे नो हाते नि’ (१९६६) ही अनेक जपानी वाचकांना त्यांची सर्वश्रेष्ठ कृती वाटते.

कीर्तीच्या शिखरावर मात्र त्यांना ‘निप्पॉन चिंबोत्सु’ने (१९७३) नेले. तिच्या लेखनाला नऊ वर्षे लागली. भूपट्ट सांरचनिकीचा सिद्धांत त्या काळात नुकताच रूढ होत होता. त्याच्या आधारे जपानची बेटे समुद्रात बुडू लागतात, हे भूशास्त्रज्ञ तादोकोरो यांच्या तोंडून वाचकाला पटवून दिले आहे. कादंबरीचा मोठा भाग व्यापला आहे तो सरकारच्या गुप्त योजनेने, जहाजांच्या हिशेबाने आणि कोट्यवधी माणसांना आश्रय द्यावा म्हणून इतर देशांशी केलेल्या वाटाघाटींनी. प्रलयाचे थरारक वर्णन करण्याच्या मोहापुढे कारभाराचे हे तपशील टिकवून धरणे, हेच या कादंबरीचे खरे मोठेपण होय. पात्रे, विशेषतः स्त्रिया, त्या मानाने फिक्या उतरल्या आहेत. दोन खंड मिळून सुमारे ४० लाख प्रती खपल्या. त्याच वर्षी जपानला तेलटंचाईचा तडाखा बसला आणि वर्षअखेरीस मोरितानी शिरो यांचा चित्रपटही झळकला. जपानी रहस्यकथा लेखक संघाचे पारितोषिक आणि विज्ञानकथेसाठीचे सेइउन पारितोषिक या कादंबरीला लाभले (१९७४). १९७६ चा इंग्रजी अनुवाद संक्षिप्त आहे. त्यावरून मूळ कृतीची व्याप्ती जोखणे योग्य नव्हे.

बुडणारी भूमी हा कोमात्सुंच्या लेखी केवळ आरंभ होता. जमीन गमावलेला समाज जगात विखुरला तर तो स्वतःला काय म्हणवील, हा त्यांचा खरा प्रश्न, म्हणूनच १९७३ ची कादंबरी ‘पहिला भाग समाप्त’ म्हणून संपते. दुसरा भाग तानी कोशु यांच्या सहकार्याने २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

लेखनाबाहेरही त्यांचा वावर मोठा होता. ओसाकाच्या १९७० च्या जागतिक प्रदर्शनात चित्रकार ओकामोतो तारो यांच्याबरोबर त्यांनी मुख्य दालनाच्या मांडणीत भाग घेतला. त्याच वर्षी जपानमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय विज्ञानकथा परिसंवादाच्या आयोजनात ते पुढे होते, आर्थर सी. क्लार्क आणि ब्रायन ऑल्डिस त्याला आले होते. ‘सायोनारा ज्युपिटर’ (कादंबरी १९८२, चित्रपट १९८४) पडद्यावर फसला. टोकियोचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटल्याची कथा सांगणाऱ्या ‘शुतो शोशित्सु’ला (१९८५) निहोन एसएफ ताइशो हे विज्ञानकथेचे पारितोषिक मिळाले. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर त्यांनी कथा बाजूला ठेवली आणि तज्ज्ञांच्या व नागरिकांच्या भेटी घेऊन वृत्तपत्रातून आपत्तीची नोंद करणारी लेखमाला लिहिली.

‘क्योमु काइरो’ ही त्यांची शेवटची महत्त्वाकांक्षी कादंबरी. अंतराळात आढळलेल्या, प्रकाशवर्षांत मोजाव्या लागणाऱ्या एका अवाढव्य नळकांड्याच्या शोधासाठी माणसाऐवजी मानवनिर्मित ‘अस्तित्व’ पाठवले जाते, असे तिचे कथानक आहे. ती अपूर्ण राहिली.