व्हिएन्नाच्या मुलांची चित्रे

मुलांची चित्रे घरच्या भिंतीवर शोभतात, ती चारचौघांत कशाला मांडायची, असे काही भगिनी विचारतात. त्यांना मी १९२० सालच्या एका प्रदर्शनाची हकिकत सांगते.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले, तरी व्हिएन्नातील मुलांची उपासमार संपली नव्हती. कालच्या शत्रूच्या मुलांसाठी इंग्लंडात मदत मागणे सोपे नव्हते. एग्लंटाइन जेब या बाईंनी १९१९ साली तेथील भुकेल्या बालकांची छायाचित्रे छापलेली पत्रके वाटली, तर त्यांना अटक होऊन ५ पौंड दंड झाला! तरी त्याच वर्षी त्यांनी बहिणीसह बालकांसाठी मदतनिधी उभारला.

पुढल्या वर्षी त्या निधीसाठी व्हिएन्नातील फ्रान्झ चिझेक यांच्या वर्गातील मुलांची चित्रे लंडनमध्ये मांडली गेली. पुढाकार होता मदतकार्य करणाऱ्या फ्रान्सेस्का विल्सन यांचा. चिझेक मुलांना कित्ता गिरवायला लावीत नसत. मुले मनातले काढीत. हे प्रदर्शन पुढे इंग्लंडात ठिकठिकाणी फिरले.

छायाचित्रातले भुकेले मूल आपली दया जागवते. स्वतः चित्र काढणारे मूल आपल्याला स्वतःची ओळख देते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. म्हणून शाळेचे प्रदर्शन भरले की भगिनींनी जरूर जावे, आणि आपल्याच नव्हे, शेजारणीच्या मुलाच्या चित्रापुढेही घटकाभर थांबावे.