शुभवर्तमानांतील अंधार व ग्रहणगणित

ताम्रपटांत सूर्यग्रहणाचा पर्वकाल पौर्णिमेस दिलेला आढळल्यास त्या पटाविषयीं संशय धरणें संशोधकांस नवें नाहीं. हीच कसोटी एका ख्रिस्ती वृत्तांतास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ईस्टरपूर्वीं, झावळ्यांच्या रविवारीं, चर्चमध्यें येशूच्या क्रूसमरणाचें आख्यान वाचतात. मध्याह्नापासून तीन तास देशावर अंधार पडला, असें त्यांत आहे. हें सूर्यग्रहण असेल काय? यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेचा. सूर्यग्रहण तर अमावास्येवांचून होत नाहीं. शिवाय खग्रास स्थिति एका स्थळीं साडेसात मिनिटांपलीकडे टिकत नाहीं. शके १८१९ च्या पौष अमावास्येस (२२ जानेवारी १८९८) नॉर्मन लॉकियर तेव्हांच्या आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील विजयदुर्गास दुर्बिणी घेऊन आले होते. त्यांस खग्रास सूर्य लाभला तो सुमारें दोन मिनिटेंच!

हस्तलिखितांच्या संग्राहकांस खरी गोडी वाटेल ती पाठभेदाची. लूकच्या पुष्कळ ग्रीक प्रतींत सूर्य काळवंडला एवढेंच आहे. कांहींत, व त्यांत फार जुन्या प्रती आहेत, ग्रहणासहि लागू पडणारें क्रियापद आहे. तिसऱ्या शतकांतील ख्रिस्ती पंडित ओरिगेन यानें पौर्णिमेची अडचण जाणून हा पाठ प्रक्षिप्त असावा असा तर्क केला. आम्हांस मात्र हा अवघड पाठच मूळचा वाटतो. सोपा पाठ लेखकूंनीं मागाहून घातला असावा.

१९८३ सालीं ऑक्सफर्डच्या हम्फ्रीज व वॉडिंग्टन यांनीं इ. स. ३३ च्या ३ एप्रिलचें, जेरुसलेमेस चंद्रोदयीं दिसणारें, खंडग्रास चंद्रग्रहण गणितानें काढून पुढें मांडलें. तें पौर्णिमेशीं जुळतें खरें. पण भर दुपारच्या अंधाराचा उलगडा त्यानें होत नाहीं.