रसायनशास्त्राचे प्रारंभिक अध्ययन आणि विद्यार्थ्यांचे परस्परसाहाय्य : कोल्हापूर परिसराचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस करवीर तालुक्यात कळंबा हे गाव व त्याच नावाचा तलाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या तलावाने शहराला पिण्याचे पाणी पुरविले. त्याच सुमारास, १८८० मध्ये, राजाराम कॉलेज सुरू झाले आणि करवीर संस्थानात उच्च शिक्षणाची सोय झाली. शहराला पाणी देणाऱ्या कळंब्यासारख्या गावांतील मुले पुढे त्याच शहरात महाविद्यालयीन शिक्षणासाठी येऊ लागली. या मुलांना रसायनशास्त्रासारखा अनोळखी विषय कोणी शिकविला, असा प्रश्न विचारला तर प्राध्यापकांचे व ग्रंथांचे नाव घेतले जाते. ते योग्यच आहे. तथापि खोलीतील सोबती किंवा एक वर्ष पुढे असलेला विद्यार्थी हाही एक शिक्षक होता. हजेरीपटात वा वार्षिक अहवालात त्याची नोंद होत नाही. प्रस्तुत लेखात या परस्परसाहाय्याची परंपरा, तिचा आधार व तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

परस्परसाहाय्याची पूर्वपीठिका

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकविणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहान मुलांकडून धुळाक्षरे गिरवून घेत व पाढे म्हणवून घेत. मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनी वाळूवर अक्षरे गिरविण्याची देशी रीत पाहून ती आपल्या शाळेत आणली, मुलांकडूनच मुलांना शिकविण्याची व्यवस्था उभारली आणि १७९७ मध्ये तिचे वर्णन इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले. पुढे हीच रीत 'मद्रास पद्धती' म्हणून तिकडील शाळांत पसरली.

महाविद्यालयीन पातळीवर या वृत्तीला संघटित रूप मुंबईत मिळाले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये साहित्य व शास्त्र या विषयांसाठी आपली सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेतर्फे १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. इंग्रजीतून शिकलेले शास्त्र आपल्या भाषेत दुसऱ्यास सांगणे हे शिकलेल्याचे कर्तव्य आहे, ही या उपक्रमामागील धारणा होती. पुढील विवेचनात हे सूत्र पुन्हा भेटेल.

भाषेचा उंबरठा

कोल्हापुरात हे कार्य ग्रंथरूपाने करणारे विद्वान म्हणजे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७-१९०६). राजाराम कॉलेजात विज्ञानाचे अध्यापन करीत असतानाच त्यांनी रसायनशास्त्रासह अनेक शास्त्रीय विषयांवर मराठीत ग्रंथ लिहिले. मराठीतून शास्त्र सांगता येते हे त्यांच्या लेखनाने सिद्ध केले. परंतु महाविद्यालयीन विज्ञानशिक्षणाचे माध्यम इंग्रजीच राहिले. परिणामी वर्गात ऐकलेले आणि मनात समजलेले यांच्यामधील भाषांतर विद्यार्थ्यांना आपापसांत करावे लागले.

महाराष्ट्रात १९७५ च्या सुमारास दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, तेव्हा हा उंबरठा अकरावीच्या वर्गात येऊन बसला. दहावीपर्यंत 'आम्ल', 'आम्लारी', 'संयुजा', 'क्षपण' असे शब्द शिकलेला विद्यार्थी जूनमध्ये त्याच संकल्पना इंग्रजी नावांनी ऐकू लागतो. येथे हुशारीपेक्षा ओळखीचा प्रश्न अधिक असतो. 'रिडक्शन म्हणजे आपले क्षपण' हे एकच वाक्य शेजारच्या बाकावरून ऐकू आले तरी अर्धे दडपण उतरते.

मात्र असे भाषांतर सदैव निर्धोक असते असे नाही. मराठी पाठ्यपुस्तकांत मूलद्रव्याच्या सूक्ष्मतम कणास 'अणू' व अशा कणांच्या समूहास 'रेणू' म्हणतात. हिंदीत पहिल्यास 'परमाणु' व दुसऱ्यास 'अणु' म्हणतात आणि कन्नड पाठ्यपुस्तकांची रूढीही तशीच आहे. म्हणजे सीमाभागातून कन्नड माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी आणि करवीर तालुक्यातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी 'अणू' हा एकच शब्द उच्चारीत असले तरी दोघांच्या मनात निरनिराळे पदार्थ असतात. परस्परसाहाय्यातून ज्ञानाबरोबर चूकही संक्रमित होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. म्हणूनच शिक्षकाची देखरेख अनावश्यक ठरत नाही.

अनुभवाचे भांडवल

सहाध्यायी जे देऊ शकतो ते अनेकदा पुस्तकात नसते. या परिसरातील ऊस उत्पादकाच्या मुलाने गुऱ्हाळ पाहिलेले असते. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो. काहिलीत तो तापत असताना त्यात चुन्याची निवळी घालतात. त्यामुळे आम्लता कमी होते, अशुद्ध द्रव्ये मळीच्या रूपाने वर येतात व ती काढून टाकता येतात. भेंडीच्या झाडाचा चिकट रसही याच कामी वापरतात. उदासिनीकरणाची व्याख्या पाठ केलेल्या शहरी विद्यार्थ्याला ही हकिकत ऐकून विक्रिया 'दिसते', तर ती सांगणाऱ्याला आपल्या घरच्या कामाला शास्त्रीय नाव मिळते. लाभ दोघांचाही होतो.

'मोल' ही संकल्पना प्रारंभिक रसायनशास्त्रात सर्वांत अवघड वाटते. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, हे पाठ करणे सोपे, पण पटणे कठीण. लोखंडी सामानाचा दुकानदार खिळे मोजीत नाही, तोलतो. एका खिळ्याचे वजन ठाऊक असले की तोलणे हेच मोजणे होते. १८ ग्रॅम पाणी तोलले की एक मोल रेणू मोजले गेले, हे या दाखल्याने उलगडते. असे दाखले नुकतीच अडचण ओलांडलेल्या सोबत्यास सहज सुचतात, कारण आपण नेमके कोठे अडखळलो होतो हे त्याच्या स्मरणात ताजे असते. अनुभवी अध्यापकास ते मुद्दाम आठवावे लागते.

वसतिगृह : आधार आणि भिंत

हे आदानप्रदान व्हावयाचे तर एकत्र बसण्यास जागा व वेळ हवी. कोल्हापुरात ती वसतिगृहांनी दिली. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजसाठी सर्व जातींचे एकत्र वसतिगृह काढले. परंतु त्याचा लाभ मुख्यत्वे ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशा विविध समाजांची आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते यामुळेच.

या वसतिगृहांनी खेड्यातील मुलास निवाऱ्याबरोबर अभ्यासाचा सोबती दिला. शिक्षणाची परंपरा नसलेल्या घरातील मुलाला रात्री शंका विचारण्यास कोणीतरी मिळाले, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु वसतिगृह जातवार असले की सोबतीही जातवारच मिळतो. ज्या समाजात महाविद्यालयात पोहोचलेली मुले मूठभर, तेथे 'एक वर्ष पुढे असलेला' सोबती मिळणेच दुर्मिळ. ही मर्यादा कर्मवीर भाऊराव पाटील यांनी जाणली. कोल्हापुरात विद्यार्थी असताना मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास गेल्याच्या कारणावरून त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले आणि त्यास शाहू महाराजांचेच नाव दिले. एकत्र जेवणारी मुले एकत्र शिकतात, हा त्यामागील विचार होता.

प्रयोगशाळेचे स्वरूप या दृष्टीने लक्षणीय आहे. पाण्याची दुष्फेनता मोजताना एकाने ब्युरेटमधून थेंब सोडावयाचे, दुसऱ्याने शंकुपात्र हलवीत लालसर रंग निळा होण्याचा क्षण पकडावयाचा. उपकरणे मोजकी असली की दोघांत एक संच येतो. जोडी हजेरी क्रमांकाने लागते, वसतिगृहाने नव्हे. तेथे परस्परसाहाय्य कामाच्या गरजेतून घडते.

अन्यत्रचे अनुभव

विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य विद्यापीठांनी याच गोष्टीला पद्धतीचे रूप दिले. १९७० च्या दशकात बर्कली येथे युरी ट्राइसमन यांनी गणिताच्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. एकटे कष्ट करणारे विद्यार्थी मागे पडतात व गटाने अभ्यास करणारे पुढे जातात, असे त्यांस आढळले. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रसायनशास्त्राच्याच प्रारंभिक वर्गासाठी, आधी तो विषय उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाखाली लहान गट योजण्यात आले. हे नेते उत्तरे सांगत नाहीत, चर्चा घडवून आणतात आणि त्यांना त्यासाठी प्रशिक्षण दिले जाते. आपल्या वसतिगृहांत जे आपोआप घडत होते, त्यास तेथे वेळापत्रकात जागा मिळाली.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रसायनशास्त्रासारखा विषय इंग्रजीतून मराठी मनापर्यंत पोहोचविण्यात सहाध्यायांचा वाटा मोलाचा आहे. दुसरी, हे साहाय्य शिक्षकाला पर्याय नाही. 'अणू'सारख्या शब्दाने होणारी फसगत शिक्षकच दूर करू शकतो. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, परस्परसाहाय्य सद्भावनेवर जितके अवलंबून असते तितकेच ते जागेवर व वेळेवर अवलंबून असते. कोण कोणाबरोबर राहतो यावर कोण कोणास शिकवितो हे ठरत आले आहे.

आजचा प्रश्न येथेच आहे. कळंब्यासारख्या शहरालगतच्या गावातून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृह नाही. शेवटचा तास संपताच तो घरची वाट धरतो. घरात रसायनशास्त्र शिकलेले कोणी असेलच असे नाही, आणि शिकवणीचे शुल्क प्रत्येकास परवडत नाही. एके काळी वसतिगृहाच्या दिव्याखाली जे मिळत होते ते त्याला महाविद्यालयाच्या आवारातच मिळाले पाहिजे. आठवड्यातून दोन तास, एक रिकामा वर्ग, द्वितीय वर्षाचे काही तयार विद्यार्थी आणि दाराशी एक अध्यापक, इतकीच त्याची सामग्री आहे. शाहू महाराजांनी दूरच्या मुलासाठी शहरात छप्पर उभे केले. जवळच्या मुलासाठी त्या छपराखालचा सोबती उपलब्ध करून देणे हे आजच्या महाविद्यालयांचे काम आहे.