राशिद ताहाचा ‘दीवान’

वर्गात फळ्यावर ‘दीवान’ लिहिलं की निम्म्या मुलांना घरातला बसायचा दिवाण आठवतो, काहींना संस्थानातला कारभारी. ग़ालिबच्या दीवानपर्यंत पोचायला अर्धा तास जातो. म्हणून एका रॉक गायकाने १९९८ मध्ये आपल्या अल्बमचं नाव ‘दीवान’ ठेवलं हे कळलं, तेव्हा गंमत वाटली. त्यातली बरीचशी गाणी तर दुसऱ्यांचीच!

राशिद ताहा १९५८ साली अल्जेरियातल्या सिग गावी जन्मला आणि दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर फ्रान्सला गेला. पुढे लिओं शहरात कारखान्यात काम करता करता त्याने मित्रांबरोबर बँड काढला. नाव ‘कार्त द सेजूर’, म्हणजे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना. १९८६ मध्ये या बँडने शार्ल त्रने या फ्रेंच गायकाचं ‘दूस फ्रान्स’ म्हटलं. बालपणाच्या गावाची आठवण काढणारं, गोड फ्रान्सचं गाणं. गाणं तेच, गळा अरबी. एवढ्यानेच खळबळ उडाली. माजी सांस्कृतिक मंत्री जॅक लँग यांनी ती रेकॉर्ड खासदारांना वाटली. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ हे वाक्य आयुष्यभर ऐकलेल्या माझ्यासारख्या मराठी मुसलमानाला ही खळबळ समजावून सांगावी लागत नाही.

‘दीवान’मध्ये ताहा उलट्या दिशेने गेला. आता फ्रेंच गाणं नाही, तर वडिलांच्या पिढीची अरबी गाणी. सगळ्यात गाजलं ते ‘या रायह’, अरे जाणाऱ्या. मूळ गाणं दहमान अल हर्राशीचं. हा स्वतः १९४९ पासून फ्रान्समध्ये, अल्जेरियन मजुरांच्या कॅफेंमधून गाणारा. परदेशी निघालेल्याला तो बजावतो की थकशील आणि परत येशील. स्टीव्ह हिलेज या इंग्रज गिटारवादकाने अल्बमची निर्मिती केली, हकीम हमादूशने मँडोल्यूट वाजवलं, खाली ड्रम आले. कॅफेत बापांनी उसासे टाकत ऐकलेल्या गाण्यावर त्यांची फ्रान्समध्ये वाढलेली मुलं नाचू लागली. (खरं सांगायचं तर मला हर्राशीचा तो खरखरीत आवाजच जास्त आवडतो. पण ताहाने गायलं नसतं तर मी हर्राशीपर्यंत पोचलोच नसतो.)

आपल्याकडे शायराचा दीवान म्हणजे त्याचं स्वतःचं कलाम. ताहाने दुसऱ्यांचं कलाम गोळा केलं आणि त्याला आपला दीवान म्हटलं. दावा मोठा आहे. मला तो मान्य आहे. बापाने गुणगुणलेलं गाणं मुलाचं नाही तर कुणाचं?

१२ सप्टेंबर २०१८ रोजी पॅरिसजवळ ताहाचा इंतकाल झाला. दफन सिगला झालं.