कॉलिसचा नियम आणि 'निरोगी' आई

'गरमी' हा शब्द आपल्याकडे कुजबुजतच उच्चारला जायचा. उपदंश हे त्याचं पुस्तकी नाव. भावप्रकाशात तर चक्क 'फिरंग रोग'!

मला मात्र अडकवलं ते १८३७ सालच्या एका निरीक्षणाने. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी लिहिलं, की उपदंश घेऊन जन्मलेल्या, ओठांवर व्रण असलेल्या बाळाला दूधआईने पाजलं तर तिच्या स्तनांवर जखमा होतात. सख्ख्या आईला मात्र काही होत नाही. निरीक्षण बरोबर होतं. पण त्यावरून पुष्कळ डॉक्टरांनी अर्थ काढला, की आई निरोगीच आहे, रोग बापाकडून थेट बाळात उतरला. याला 'कॉलिसचा नियम' म्हणू लागले.

१९०६ मध्ये वासरमानची रक्तचाचणी आली. अशा आयांचं रक्त तपासलं, आणि रोग त्यांच्यातही निघाला! नवी बाधा होत नव्हती, कारण बाधा आधीच झालेली होती. लक्षणं तेवढी दिसत नव्हती. तोवर बाळाला पारा द्यायचे. त्यातून जगलेल्या काही मुलांमध्ये पुढे खाचा पडलेले दात, अधू डोळे, बहिरेपण दिसे. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी हे त्रिकूट नोंदवलं. अन् आईला पुन्हा दिवस जात...

आज अशा नवजात बाळाला साधारण दहा दिवस पेनिसिलिन देतात. गरोदरपणातच आईला वेळेवर दिलं, तर बहुतेकदा ही वेळच येत नाही. तरी २०२२ मध्ये एकट्या अमेरिकेत ३७००हून अधिक बाळांची नोंद झाली. त्यातल्या बहुतेकांच्या आयांची तपासणी किंवा उपचार वेळेत झाले नव्हते.