चेहरा खरा, देखावा कुठला?

वाचकहो, फोटो हाती आला की आपली नजर आधी चेहऱ्यावर जाते. मागे काय आहे, ते कोण पाहतो? इतिहास शिकणाऱ्याला मात्र तेही पाहावे लागते, बरं का!

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले. काम जिकिरीचे. काचेला रसायन लावायचे आणि काच ओली आहे तोवर फोटो घेऊन धुवायचाही. समोरच्याने कित्येक सेकंद हलायचे नाही.

त्याच सुमारास विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांचे फोटो काढले. त्यांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. त्यांतल्या पुष्कळ चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली, देखावा दुसरीकडचा. छापताना दोन्ही जोडलेले!

आज कफ परेडच्या मच्छीमार नगरात एखाद्या कोळीदादाचा फोटो काढाल, तर होड्यांमागे उंच इमारती येतील. त्या वगळू नका. कोळ्यांच्या दारापर्यंत शहर कसे आले, ते त्याच सांगतील. आणि शिक्षकहो, मुलांना जुना फोटो दाखवाल तेव्हा आधी विचारा, "हा माणूस खरंच इथे उभा होता का?"